नाइट डाइव्हसाठी टॉर्च घेतलाय, पाण्यात नेण्याआधी नेमकं काय तपासू?

सई_कोथरूड

नमस्कार मंडळी,

मागच्या डिसेंबरात मालवणला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला. आता जानेवारीत अंदमानमधल्या हॅवलॉकला त्यापुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स करायला चालले आहे. पाच डाइव्हपैकी डीप आणि नॅव्हिगेशन सक्तीच्या, उरलेल्या तीन आपण निवडायच्या. त्यात मी नाइट डाइव्ह घेतली आहे. अंधाराची भीती वाटते म्हणूनच घेतली. मालवणला तिसऱ्या डाइव्हला पाणी इतकं गढूळ होतं की बडीचे, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचे, फिन्स दिसेनासे झाले. दहाएक सेकंदच, पण ते अजून अंगावर येतात. म्हणून टॉर्च स्वतःचा, हाताला सवय असलेला हवा, असं मनानं घेतलं.

ऑनलाइन २,४०० रुपयांना एक मागवला. खोक्यावर '१०,००० लुमेन, आयपी ६८, १०० मीटर' असं छापलंय (लुमेन म्हणजे उजेडाचं माप, आयपी ६८ म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा शिक्का). सोबत १८६५० मापाचे दोन सेल, त्यांच्यावर क्षमता '९,९०० एमएएच'. एका वेळी एकच सेल बसतो, दुसरा जादाचा. बॉडी ॲल्युमिनियमची, बटण सरकवायचं. रात्री गच्चीवरून मारून पाहिला तर समोरच्या सोसायटीची टाकी लख्ख दिसली. चार मिनिटांत मात्र इतका तापला की हातात धरवेना.

भाऊ म्हणतो, एवढ्या पैशात मस्त मिळाला. माझं मन काही धजत नाही. घरच्या घरी काय तपासता येईल? आणि कशावरून म्हणायचं की हा पाण्याखाली न्यायच्या लायकीचा आहे?

ओहमचा_नियम

डायव्हिंगमधलं मला कळत नाही, पण सेलमधलं कळतं. माझं रोजचं काम तेच आहे.

१८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. एवढ्या डब्यात आजच्या घडीला चांगल्यात चांगला सेलसुद्धा ३,५०० एमएएचच्या आसपासच देतो. ९,९०० हा आकडा कोणी काहीही छापो, त्या मापात मावतच नाही. आधी सेल वजनकाट्यावर ठेवा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ते ३५ भरला तर आत माल कमी आहे, एवढं नक्की समजा.

आता लुमेन. खरा ३,५०० चा सेल धरला तरी ३.६ व्होल्टने गुणून साडेबारा वॅट-अवर ऊर्जा होते. एलईडी आणि त्याचं सर्किट मिळून एका वॅटला ढोबळमानाने १०० लुमेन धरा. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॅट लागले, म्हणजेच या एका सेलमधून २८ अँपिअर खेचावे लागले. समजा खेचले, तरी साडेसात मिनिटांत सेल संपला. तुलनेसाठी, गाडीच्या साध्या एच-४ हॅलोजन बल्बचा अप्पर १,६५० लुमेनच्या आसपास असतो.

तेव्हा तो छापील आकडा डोक्यातून काढून टाका आणि घड्याळ लावून बसा. टॉर्च पाण्याच्या बादलीत ठेवून चालवा, हवेत नको. हे दिवे पाण्याने थंड होतील या हिशोबाने बनवलेले असतात, गच्चीवर तापणारच. फोनवर लक्स (पडणारा उजेड) मोजायचं ॲप घ्या, खोली अंधारी करा, झोत छतावर सोडा आणि फोन एका जागी ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. उजेड किती वेळ टिकतो ते कळेलच, पण तो कसा जातो ते जास्त बारकाईनं बघा. काही दिवे हळूहळू मंद होत जातात, काही शेवटपर्यंत एकसारखे जळून पट्कन विझतात.

दांडीचा_पाणबुड्या

सईताई, मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा. आधी काही वर्षं मुंबईला बोटींचे तळ तपासायच्या कामावर पाण्याखाली असायचो, आता गावातच लोकांना डायव्हिंगला नेतो. तुम्ही 'धजत नाही' म्हणालात ते वाचून मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मन धजत नसेल तर त्याचं ऐकावं.

गच्चीवरून टाकी दिसली म्हणून दिवा चांगला, हे आधी विसरा. पाण्यात प्रकाश वेगळा वागतो. आंबोली घाटात पावसाळ्यात धुक्यात गाडी चालवली असेल तर आठवा. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपर केला की रस्ता दिसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी बऱ्याच दिवशी तसंच असतं. बारीक गाळ, प्लवक, सगळं तरंगत असतं. रुंद पसरणारा दिवा लावला की तो उजेड त्या कणांवरून उलटून आपल्याच डोळ्यात येतो. तिथं अरुंद, टोकदार झोत लागतो. अंदमानला पाणी निवळ, तिथं थोडा रुंद चालेल, पण बडीला खूण करायला झोताला मधोमध घट्ट ठिपका पाहिजेच. रुंद पसरट दिवे व्हिडिओवाल्यांसाठी ठीक. आणखी एक, सपाट काचेच्या टॉर्चचा झोत पाण्यात गेल्यावर हवेतल्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने आवळतो. त्यामुळे भिंतीवर मारून कोन ठरवू नका. बाथरूममधल्या भरल्या टबात किंवा मोठ्या पिंपात बुडवून बघा.

नाइट डाइव्हला खरे ५०० ते १,००० लुमेन भरपूर झाले. त्याहून जास्त असले तर मासे बिचकतात आणि बडीच्या डोळ्यापुढे काजवे चमकतात.

पण माझ्या मते उजेड हा टॉर्चचा दुसरा गुण. पहिला गुण म्हणजे पाणी आत न घेणं. माझी एक गोष्ट सांगतो. मुंबईला एका बोटीच्या तळाखाली रात्रीचं काम होतं. वर होडीत मी घाईघाईत सेल बदलला. त्याआधी टॉवेलनं हात पुसले होते. खाली उतरलो, आठ-नऊ मीटरवर उजेड थरथरायला लागला. टॉर्च तोंडासमोर धरून बघतो तर काचेच्या आत पाण्याची रेघ. मनगट हललं की ती रेघपण डुलायची, पेल्यातल्या पाण्यासारखी. मग दिवा गेला. डोक्यावर बोटीचा तळ, म्हणजे सरळ वर यायची सोय नाही. जोडीदाराचा झोत दिसला आणि त्याच्या उजेडात दोघं कडेनं बाहेर आलो. वर आल्यावर टॉर्च उघडला. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, टॉवेलचा एक धागा आडवा पडला होता. पांढरा, नखाच्या टोकाएवढा. एवढाच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रिंग काढायला सुई, टाचणी, सुरीचं टोक कधी वापरत नाही, जुनं प्लास्टिकचं कार्ड घेतो. टोकदार वस्तूनं खाचेला चरा पडला की रिंग नवी असली तरी गळणार. रिंग चष्मा पुसायच्या फडक्यानं पुसायची, टॉवेल किंवा कापूस नको. मग डोळे मिटून ती अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पूर्ण एक फेरा फिरवायची. वाळूचा कण, चीर, चपटी झालेली जागा, डोळ्यांना न दिसणारं बोटांना लागतं. खाच पण तशीच पुसायची. सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येण्यापुरतं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षित असं बऱ्याच जणांना वाटतं, पण जाड ग्रीसवर वाळू आणि केस चिकटून बसतात. आणि रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ती फुगते. खोबरेल, व्हॅसलिन घरात आहे म्हणून लावू नका. रिंगा किती आहेत तेही मोजा. दोन असल्या तर बरं, एक दगावली तर दुसरी धरते.

आता चाचणी. सेल काढून ठेवा. आत टिश्यू पेपरची घट्ट गुंडाळी घाला, झाकण बंद करा, टॉर्चला वजन बांधून बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी बाहेरून पूर्ण कोरडा करा आणि मगच उघडा, नाहीतर बाहेरचा थेंब आत पडून फसगत होते. टिश्यूला ओल लागली तर विषय संपला, टॉर्च परत करा. पुष्कळांना वाटतं बादलीत काय कळणार, खोलीच कुठे आहे. पण कितीतरी गळती वरच्या एक-दोन मीटरातच होते, कारण तिथं रिंग दाबून बसवायला पाण्याचा जोर पुरेसा नसतो. म्हणून बादलीत नापास म्हणजे नापासच. पास झाला तर मात्र अर्धंच काम झालं. दर १० मीटरला पाणी हवेच्या एका दाबाएवढा भार वाढवतं. १८ मीटरला वरच्या हवेचा धरून २.८ पट दाब असतो. आयपी ६८ मध्ये तर किती मीटर आणि किती वेळ हे कंपनीनंच ठरवायचं असतं, त्यामुळे नुसत्या त्या शिक्क्याला डायव्हिंगच्या दृष्टीनं अर्थ नाही. खोलीची चाचणी दिवसाच्या डाइव्हला करायची. सेलशिवाय, टिश्यू आत, टॉर्च बीसीडीच्या (अंगावरच्या हवा भरायच्या जाकिटाच्या) खिशात. वर आल्यावर उघडून बघायचं.

उघडताना एक सांभाळा. आत पाणी गेलंय असा संशय असेल तर तोंड झाकणाच्या समोर आणू नका. ओल्या सेलमधून वायू सुटतो, दाब साठतो आणि झाकण उडू शकतं. दुसरीकडे तोंड करून, लांब धरून, हळूहळू फिरवायचं.

बटणाबद्दल. सरकतं बटण म्हणजे बहुतेक वेळा बटणातच चुंबक, टॉर्चच्या आत जाणारं भोक नाही, म्हणून ही रचना मला आवडते. पण आपल्या किनाऱ्याच्या रेतीत काळे, लोहयुक्त कण असतात. ते चुंबकाला चिकटून बटणाखाली जाऊन बसतात आणि ऐन वेळी बटण सरकत नाही. टॉर्च वाळूवर ठेवू नका, ठेवलाच तर गोड्या पाण्यात बटण वीस-पंचवीस वेळा पुढंमागं करा. आणि नॅव्हिगेशन डाइव्हला हा टॉर्च कंपासच्या हातात धरू नका. सुई त्या चुंबकाकडे वळते. करून बघा, घरातच दिसेल. काचेकडचं डोकं फिरवून चालू होणारा टॉर्च असता तर वेगळी काळजी होती, कारण फिरवता फिरवता तो उघडलासुद्धा जाऊ शकतो.

मनाली_मस्कत

दादांचं वाचून मी आत्ता उठून माझा टॉर्च उघडून बघितला. रिंगवर वाळू होती.

सई, मी इथे मस्कतजवळच्या दिमानियात बेटांवर डाइव्ह करते. दोनच मुद्दे जोडते. विमानात सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत आणि प्रत्येक सेल आपापल्या प्लास्टिकच्या डबीत हवा. टॉर्चमधला सेल पण काढून ठेव. बटण बॅगेत सरकलं तर तुझ्या गच्चीवर झालं तेच कपड्यांच्या घडीत होईल. दुसरं, रात्री प्रत्येकाकडे दोन दिवे असतात, एक हातात आणि एक जादाचा, शिवाय सिलिंडरला बारीक खुणेचा दिवा. एकच टॉर्च घेऊन पाण्यात उतरायचं नाही, तो कितीही चांगला असो.

सई_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हेच केलं, आता आकडे सांगते.

सेल कोपऱ्यावरच्या सोनारकाकांच्या काट्यावर ठेवले. एक ३१ ग्रॅम, दुसरा ३०.५. काकांनी विचारलं, हे मोडीत काढायचंय का.

बादलीत चालवला. सुरुवातीला फोनवर २१० लक्स, दहाव्या मिनिटाला १८५, विसाव्याला १४०. पस्तिसाव्या मिनिटाला ९०, आणि ४० व्या मिनिटाला इशारा न देता बंद. मी अंधारात बादलीशेजारी बसले होते. बंद झाला त्या क्षणी पोटात जे झालं ते लिहिता येत नाही. हे १२ मीटरवर झालं असतं तर, एवढंच डोक्यात आलं.

टिश्यू सकाळी कोरडा ठणठणीत होता. रिंगा दोन आहेत. दादांनी सांगितल्यासारखं डोळे मिटून फिरवल्या. बाहेरच्या रिंगेवर एका जागी बोट अडलं. भिंगातून पाहिलं तर बारीक चीर आहे, तिरपी, तांदळाच्या कणीएवढी. उघड्या डोळ्यांनी मला ती आधी दिसलीच नव्हती! कंपास पण आणून पाहिला, टॉर्च वीतभर अंतरावर आणला तरी सुई हलते.

आता प्रश्न असा. चांगला सेल आणि नव्या रिंगा घातल्या तर हा टॉर्च रात्री वापरू का? निदान जादाचा म्हणून? डाइव्ह शॉपमध्ये टॉर्च भाड्याने मिळतो, तो मुख्य म्हणून घेईन.

ओहमचा_नियम

३१ ग्रॅम म्हणजे हा सेल फार तर १,२०० एमएएचचा धरू. त्यात सव्वाचार वॅट-अवर. ४० मिनिटांत संपला, म्हणजे सरासरी साडेसहा वॅट, म्हणजे ६०० लुमेनच्या आसपास. दिवा वाईट नाही, छपाई वाईट आहे. ओळखीच्या कंपनीचा खरा ३,५०० चा सेल घातलात तर हाच दिवा पावणेदोन-दोन तास जाईल.

सेल घेताना लांबी विचारा. संरक्षक सर्किट असलेला सेल दोन-चार मिमी लांब असतो. तो जोर लावून कोंबलात तर झाकण पूर्ण बसणार नाही, आणि मग रिंगा नव्या घालून उपयोग नाही. आणि ते दोन जुने सेल चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या.

दांडीचा_पाणबुड्या

ताई, काम मन लावून केलंत. ती चीर तुम्ही बोटानं शोधलीत, हे मला फार आवडलं.

जादाचा म्हणून वापरू का, तर माझं उत्तर आत्ता नाही. मुख्य दिवा गेल्यावर हातात येतो तो जादाचा. त्या वेळी हात थरथरत असतात, श्वास वाढलेला असतो. म्हणून खरं तर तोच जास्त भरवशाचा हवा. तुमच्या टॉर्चनं बादली पास केलीय, तीही चिरलेल्या रिंगेसह. खोली अजून पाहिलेली नाही. सेल बदला, दोन्ही रिंगा बदला. रिंग घेताना जुनी सोबत न्या, आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजे. मग हॅवलॉकला पहिल्या दिवशी डीप डाइव्हला तो टिश्यू घालून खिशात न्या. वर येऊन कोरडा निघाला तर दुसऱ्या दिवशी दिवसा, सेल घालून, कपारीत बघायला वापरा. दगडाखाली, फटीत, कोरलच्या सावलीत. दिवसासुद्धा टॉर्चचं काम असतं. पाच-सात मीटरच्या खाली लाल रंग उरतच नाही, सगळं निळंकरडं दिसतं. टॉर्च जवळ धरला की तोच करडा स्पंज एकदम तांबडालाल होतो. पहिल्यांदा बघणाऱ्यांचे डोळे मास्कमध्ये मोठे झालेले मी कितीदा पाहिलेत.

अशा तीन-चार दिवसांच्या डाइव्ह झाल्यावर तो जादाचा म्हणून चालेल. यंदाच्या नाइट डाइव्हला दोन्ही टॉर्च शॉपचे घ्या. आणि ते घेताना संकोच करू नका. तुमच्यासमोर उघडून रिंग दाखवा म्हणायचं. आज सकाळी चार्ज केला का, विचारायचं. नीट काम करणारा माणूस आनंदानं दाखवतो. टॉर्चला मनगटाचा घट्ट फास असेल तर तो नको, अडकला तर सुटत नाही. हाताच्या मागून रबरी दोरी आणि टोकाला बीसीडीला लावायचा हूक, असा असेल तर तोच मागा.

खुणा उतरण्याआधी किनाऱ्यावर करून बघा. हळू गोल फिरवला तर ठीक आहे. जोरात आडवा हलवला तर इकडे बघ, काहीतरी गडबड आहे. झोत कधीही माणसाच्या चेहऱ्यावर नाही, हाताची खूण करायची तर आपल्या हातावर मारायचा. बडीच्या झोताचा ठिपका वाळूवर आपल्या ठिपक्याशेजारी फिरताना दिसला पाहिजे, तेवढ्यावर सोबत कळते. मागं वळून बघावं लागत नाही. मालवणला तुमचे ते दहा सेकंद झाले तेव्हा हातात झोत असता तर बडीला तुम्ही आणि तुम्हाला बडी सापडला असता. गढूळ पाण्यात मी दिवसापण टॉर्च हातात ठेवतो. परत इकडे आलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, या. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, गाळ उठतो. भांगाला पाणी जरा निवळतं.

आणि भीतीबद्दल. खाली गेल्यावर, सगळे वाळूवर स्थिर झाले आणि इन्स्ट्रक्टरनं खूण केली की टॉर्च बंद करायचा नाही, छातीशी दाबून धरायचा. डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग रिकामा हात पाण्यात हलवायचा. बोटांमागून निळसर ठिणग्या उठतात. प्रत्येक रात्री तेवढ्याच असतील असं नाही, पण मी आजवर बरोबर नेलेल्या घाबरट माणसांनी परत टॉर्च काढायला उशीरच केलाय.

मनाली_मस्कत

खरं आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रेग्युलेटर तोंडात असताना ओरडले होते.

सई_कोथरूड

दादा, ठरलं. दोन्ही टॉर्च शॉपचे, फोन करून सांगितलंय आणि रिंग उघडून बघणार असंही सांगितलंय. ते म्हणाले, जरूर बघा.

रिंगा आज बुधवार पेठेतल्या एका दुकानात मिळाल्या, जुनी दाखवून, १५ रुपयांना दोन. सेल मागवलाय, मोजून ६५ मिमीचा. टिश्यूची गुंडाळी आत घालून झाकण लावलंय आणि टॉर्च मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवलाय. डीप डाइव्हनंतर उघडून टिश्यू कसा निघाला ते इथेच लिहिते.